मराठी घरातील हिंदी कवी : गजानन माधव मुक्तिबोध

तमिळनाडूतील कुंभकोणम्–तंजावर परिसरात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांनी तमिळ आत्मसात केली, तशीच शिंदे-होळकरांच्या राज्यात गेलेल्या कुटुंबांनी हिंदी आपलीशी केली. घरात मात्र मायबोली नांदत राहिली. अशाच एका कुटुंबात गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. घराणे मूळचे जळगावचे. वडील माधवराव पोलीस खात्यात अधिकारी होते. १९३० साली माध्यमिक परीक्षेत अपयश पदरी आलेला हा मुलगा १९३८ मध्ये इंदूरहून बी.ए. झाला. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतील नामवंत कवी व कादंबरीकार झाले. गजाननरावांनी मात्र हिंदीत लेखन केले.

त्या काळी हिंदी काव्य कूस बदलत होते. प्रसाद, पंत, निराला आणि महादेवी वर्मा यांच्या छायावादाने कवितेला सौंदर्य व अंतर्मुखता दिली होती. त्यानंतरच्या प्रगतिवादाने तिला शेतकरी-कामगारांच्या जीवनाकडे वळविले. १९४३ मध्ये अज्ञेय यांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ने प्रयोगवादाचे युग सुरू केले. त्यातील सात कवींपैकी मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे मराठी भाषक होते. पुढे ‘नयी कविता’ बहरली. सामाजिक अन्यायाची जाणीव आणि स्वतःच्या मनाची निर्दय झडती यांची सांगड घालणारे मुक्तिबोध तिचे एक प्रमुख कवी ठरले. ‘अंधेरे में’ ही त्यांची दीर्घ कविता या सांगडीचे सर्वोच्च उदाहरण मानली जाते.

प्रपंच मात्र ओढगस्तीचा होता. शाळांतील शिक्षकी, नागपूर आकाशवाणीवरील नोकरी, ‘नया खून’ साप्ताहिकातील पत्रकारिता अशी भ्रमंती करीत, मध्येच नागपूर विद्यापीठाची एम.ए. पदवी मिळवून, १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे थोडे स्थैर्य लाभते न लाभते तोच त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पुस्तक विद्यार्थ्यांच्या हातून काढून घेतले जावे, याचा त्या शिक्षकाच्या मनावर खोल आघात झाला.

१९६४ च्या आरंभी त्यांना पक्षाघात झाला. भोपाळ व नंतर दिल्ली येथे उपचार झाले. परंतु ११ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षात, त्यांची प्राणज्योत मालवली. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. आपल्या कवितांचे पुस्तक हाती घेण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. आज मात्र त्यांना वगळून आधुनिक हिंदी कवितेचा इतिहास सांगता येत नाही, आणि त्यात एका मराठी घराचाही वाटा आहे.