औषधाची परीक्षा घेणारे शास्त्रज्ञ : सर अलेक्झांडर फ्लेमिंग



पेनिसिलिनचा शोध कोणी लावला, हा प्रश्न सामान्य ज्ञानाच्या परीक्षेत हमखास असतो आणि आपली मुले अलेक्झांडर फ्लेमिंग हे उत्तर एका दमात देतात. परंतु या एका ओळीच्या उत्तरामागचे आयुष्य प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमध्ये, डार्वेल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. सात वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले. पुढे थोरल्या भावाच्या आधाराने ते लंडनला आले आणि शिक्षण अर्धवट सोडून जहाज कंपनीच्या कचेरीत चार वर्षे कारकुनी केली. काकांच्या मृत्युपत्रातून थोडी रक्कम मिळाली, तेव्हा १९०१ साली त्यांनी सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला.

फ्लेमिंगच्या वडिलांनी लहानग्या चर्चिलला बुडताना वाचविले आणि चर्चिलच्या वडिलांनी त्याची परतफेड म्हणून फ्लेमिंगला शिकविले, अशी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. गोष्ट सुंदर आहे, पण खरी नाही. त्यांचे शिक्षण काकांच्या पैशावर आणि स्वतःच्या मेहनतीवर झाले. १९०६ साली पदवी मिळताच ते त्याच रुग्णालयात सर अल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले आणि जवळजवळ संपूर्ण आयुष्य तेथेच राहिले.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये बुलोन येथील लष्करी रुग्णालयात होते. सैनिकांच्या जखमांवर जंतुनाशक द्रव्ये ओतली जात, तरी जखमा चिघळत. फ्लेमिंग यांनी जखमेसारख्या वेड्यावाकड्या टोकांच्या काचनळ्या तयार करून दाखवून दिले, की ही द्रव्ये खोल कोपऱ्यांतील जंतूंपर्यंत पोहोचतच नाहीत, उलट रक्तातील संरक्षक पांढऱ्या पेशी मारतात. कोणते औषध कोणत्या जंतूवर चालते आणि शरीराला किती अपाय करते, हे आधी तपासलेच पाहिजे, ही दृष्टी त्यांना येथे मिळाली.

१९२१ साली सर्दी झाली असताना त्यांनी स्वतःच्या नाकातील स्राव जंतूंवर टाकून पाहिला आणि काही जंतू विरघळून गेले. अश्रू, लाळ व अंड्याच्या पांढऱ्या भागातही असणाऱ्या या द्रव्यास त्यांनी लायसोझाइम नाव दिले. भयंकर रोगांच्या जंतूंवर मात्र त्याचा विशेष उपयोग नव्हता.

मग आला ३ सप्टेंबर १९२८. सुट्टीहून परतलेल्या फ्लेमिंग यांना टेबलावर राहिलेल्या काचेच्या बश्यांपैकी एकीवर बुरशी आलेली दिसली. बुरशीभोवतीचे स्टॅफिलोकॉकस जंतू नाहीसे झाले होते. त्यांचे टेबल अस्ताव्यस्त असे, हे खरे. (मुलांनी ही सबब घरी सांगू नये!) बुरशी कोणाच्याही बशीवर येते, पण ती फेकून न देता विचार करणारा एखादाच असतो.

याच्या पुढचा भाग पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. फ्लेमिंग यांनी या द्रव्याची परीक्षा घेतली. बशीतील जेलीसारख्या आगरमध्ये एक चर कापायचा, त्यात बुरशीचा रस मिसळलेले आगर भरायचे आणि चराला काटकोनात निरनिराळ्या जंतूंच्या रेघा ओढायच्या. जो जंतू चरापासून दूरच थांबला, त्यावर औषध चालले. जो चरापर्यंत बिनधास्त वाढला, त्यावर नाही. घटसर्प, न्यूमोनिया व मेंदूज्वराचे जंतू थांबले, पण विषमज्वराचा जंतू वाढतच राहिला. रस ८०० पट पातळ केला तरी स्टॅफिलोकॉकसची वाढ रोखतो, हेही त्यांनी मोजले. १९२९ साली हे सर्व प्रसिद्ध झाले.

शुद्ध औषध मात्र त्यांना तयार करता आले नाही. ते काम ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन, हीटली व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९४१ साली त्यांनी एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन दिले. तो सुधारू लागला, पण औषध संपले आणि तो दगावला. १९४२ साली फ्लेमिंग यांच्यासमोर मेंदूज्वराचा एक अत्यवस्थ रुग्ण आला. त्यांनी आधी त्याच्या पाठीच्या कण्यातील द्रवातून जंतू वेगळा केला, त्यावर पेनिसिलिन चालते हे पाहिले आणि मग फ्लोरींकडून औषध मागविले. रुग्ण बरा झाला.

१९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगीच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी धोक्याची सूचना दिली : औषध अपुरे घेतले तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद न देण्यास शिकतात आणि तेच जंतू घरातल्या दुसऱ्या माणसाचा जीव घेऊ शकतात. ११ मार्च १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये त्यांच्या अस्थी आहेत. त्याच सुमारास, १९५४ साली, आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथे पेनिसिलिन बनविण्यासाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला.

डॉक्टर ज्याला कल्चर-सेन्सिटिव्हिटी म्हणतात, ती तपासणी फ्लेमिंग यांच्या त्या चराचीच पुढची पायरी आहे. रुग्णाचा जंतू बशीत पसरून त्यावर निरनिराळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचे रिकामे वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. १९६६ साली अमेरिकेत बाउअर, कर्बी व सहकाऱ्यांनी या पद्धतीचे नेमके नियम ठरविले. अहवालात औषधापुढे एस असेल तर ते जंतूवर चालते, आर असेल तर चालत नाही.

फ्लेमिंग यांची भीती खरी ठरली आहे. एका जागतिक अभ्यासानुसार २०१९ साली औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली. म्हणून पालकांना विनंती : साध्या सर्दीसाठी, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून किंवा जुन्या चिठ्ठीवर मुलांना अँटिबायोटिक देऊ नका. सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते आणि त्यांच्यावर ही औषधे चालत नाहीत. डॉक्टरांनी जेवढ्या दिवसांचे औषध लिहून दिले असेल, तेवढे पूर्ण द्या. आणि विद्यार्थ्यांनो, घरातील औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, हे घरच्यांना तुम्ही आठवण करून द्या. फ्लेमिंग यांना हीच आपली आदरांजली ठरेल.