बोटीची वाट न पाहणारा माणूस

ताप आला की आपण गेटसमोरच्या मेडिकलमधून दोन गोळ्या आणतो. चहाच्या पैशात काम होतं! ही स्वस्ताई आली कुठून, हे शोधताना मला एक नाव सापडलं : डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद.

१८९८ साली अलीगढला जन्म. गांधीजींच्या असहकार चळवळीत उतरलेला हा तरुण पुढे बर्लिनला गेला आणि रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतला. जर्मनी म्हणजे तेव्हा केमिकल्सची पंढरी! तिथं राहून बक्कळ पगार घेता आला असता. पण आपल्याकडची आधुनिक औषधं बहुतेक बोटीनं येत, आणि भाव परदेशी कंपन्या ठरवत. ते हमीदांना खुपत होतं.

१९३५ मध्ये त्यांनी मुंबईत केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज काढली. तीच आजची सिप्ला. १९३७ मध्ये उत्पादन सुरू झालं, १९३९ मध्ये खुद्द गांधीजी येऊन कारखाना पाहून गेले. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं, बाहेरून येणारी औषधं अडली आणि इथला कारखाना किती गरजेचा आहे ते सगळ्यांना कळलं.

हमीद जून १९७२ मध्ये गेले. त्याच एप्रिलमध्ये आपला नवा पेटंट कायदा लागू झाला होता. पेटंट औषधावर नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर! म्हणजे दुसरी रिअ‍ॅक्शन शोधा आणि तेच औषध बनवा. २००५ पर्यंत ही मुभा होती.

खरी गंमत पुढेच आहे. एड्सच्या औषधांचा खर्च वर्षाला १० हजार डॉलरच्या वर होता. २००१ मध्ये हमीदांचे चिरंजीव युसुफ यांनी तीच औषधं ३५० डॉलरला देऊ केली. दक्षिण आफ्रिकेनं स्वस्त औषधं बाहेरून आणण्याचा कायदा १९९७ मध्ये केला, म्हणून ३९ कंपन्या कोर्टात गेल्या होत्या. एप्रिल २००१ मध्ये त्यांनी खटला मागे घेतला. आता औषधं आयात करणारे दुसरे होते, आणि ती जात होती मुंबईहून!

पण मी केमिकलचा विद्यार्थी, म्हणून एक गोष्ट टोचते. गोळ्या आपण बनवतो, पण त्यातली बरीच मूळ रसायनं आजही चीनमधून येतात. तिकडून माल अडला तर भाव आपल्या हातात राहणार नाहीत. कॅम्पसला पॅकेज विचारताना आपण हेही विचारूया : ती रसायनं बनवायचा प्लँट कोण उभारणार?