बॅरिस्टर अंतुले साहेब आणि श्रीवर्धनचे मतदार

महाराष्ट्राला आजवर एकच मुस्लिम मुख्यमंत्री मिळाला. मरहूम बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. जळगाव-धुळ्याच्या आमच्या घरांमध्ये हे नाव आजही अभिमानाने घेतलं जातं. पण त्यांना निवडून कोणी दिलं, हे आपण फारसं बोलत नाही.

अंतुले साहेबांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२९ चा. गाव आंबेत, सावित्री नदीच्या काठी. मुंबईत शिकले, लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले आणि परत कोकणात आले. १९६२ मध्ये ते काँग्रेसतर्फे श्रीवर्धनमधून विधानसभेत गेले.

श्रीवर्धन म्हणजे समुद्रकाठचा मुलूख. पेशव्यांच्या भट घराण्याचं हे मूळ गाव. इथे कोळी आहेत, कुणबी आहेत, आगरी आहेत आणि कोकणी मुसलमानही आहेत. नुसत्या मुस्लिम मतांवर ही जागा जिंकता येत नाही. तरीही १९६७ आणि १९७२ मध्ये लोकांनी अंतुले साहेबांनाच निवडलं. मंत्री म्हणून त्यांनी कायदा, बंदरं आणि मच्छिमारी ही खाती सांभाळली. रायगड-रत्नागिरीला जोडणारा आंबेतचा पूल तिकडचे लोक आजही त्यांच्या नावाशी जोडतात.

१९७६ मध्ये ते राज्यसभेवर गेले. ९ जून १९८० रोजी मुख्यमंत्री झाले आणि विधानसभेत परतले ते श्रीवर्धनमधूनच. त्यांच्या काळात कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळालं. सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे झाले. संजय गांधी निराधार योजनाही तेव्हाचीच. आज आपल्या तहसील कचेरीत विधवा बहिणी आणि निराधार माणसं ज्या पगाराची चौकशी करतात, तो याच योजनेचा.

मग सिमेंटचं प्रकरण आलं. त्या वेळी सिमेंट सरकारी वाटपातून मिळायचं. सिमेंटच्या बदल्यात आपल्या ट्रस्टसाठी बिल्डरांकडून देणग्या घेतल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल विरोधात गेला आणि त्यांना खुर्ची सोडावी लागली. आपल्या माणसाबद्दल लिहिताना ही बाजू झाकणं आम्हाला बरोबर वाटत नाही. त्यांचा फौजदारी खटला अनेक वर्षं चालला. १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी आपल्याच कोर्टाचा आधीचा आदेश चुकीचा ठरवला. वकिलीच्या विद्यार्थ्यांना तो निकाल आजही शिकवला जातो.

खुर्ची गेल्यावर पुढारी संपतो, असं म्हणतात. श्रीवर्धनने तसं होऊ दिलं नाही. १९८५ मध्ये तिथल्या लोकांनी त्यांना पुन्हा विधानसभेत पाठवलं. नंतर कुलाबा मतदारसंघाने १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ मध्ये लोकसभेत. २००६ मध्ये केंद्रात अल्पसंख्याक मंत्रालय सुरू झालं, त्याचे ते पहिले मंत्री. आपल्या मुलामुलींच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म त्या काळापासून भरले जाऊ लागले. २००९ मध्ये मात्र ते रायगडमधून हरले. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचा इंतकाल झाला.

आता आपल्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात मुसलमान सुमारे साडेअकरा टक्के आहेत. २०२४ मध्ये २८८ आमदारांत मुस्लिम आमदार निवडून आले फक्त १०. धुळे शहराने २०१९ मध्ये फारूक शाह यांना निवडलं होतं, २०२४ मध्ये ती जागाही गेली. निवडणूक आली की आपण वस्तीतली मतं मोजत बसतो. अंतुले साहेबांना कोळीवाड्यात आणि कुणब्यांच्या वाडीतही मतं मिळत होती, कारण तिथल्या रस्त्यापुलाची फिकीर ते निवडणूक नसतानाही करायचे. खान्देशात कापूस-केळीवाल्या शेतकऱ्याच्या प्रश्नासाठी उभा राहणारा आपला तरुण तयार झाला, तर त्यालाही दुसऱ्या मोहल्ल्यातून मत मिळेल, असं आम्हाला वाटतं.

अल्लाह मरहूमांची मगफिरत फरमावो.