विश्लेषण : वरातीतला ‘तो’ नाच मूळचा कोणाचा? अमरावतीत जन्मलेल्या भगवान दादांनी काय कमावले, काय गमावले…

लग्नसराई सुरू झाली की यवतमाळच्या कोणत्याही रस्त्यावर एक दृश्य हमखास दिसते. बँड वाजतो आहे आणि नवरदेवाचे काका, मामा, ज्यांनी आयुष्यात कधी नाच शिकलेला नाही, ते दोन्ही हात कोपरातून वर धरून, खांदे हलवत, अर्धे पाऊल पुढे आणि अर्धे पाऊल मागे टाकत नाचत आहेत. या नाचाला नाव नाही आणि तो कोणी शिकवतही नाही. मात्र हिंदी पडद्यावर तो ज्यांनी रुजवला त्यांचे नाव सांगता येते. ते म्हणजे भगवान आबाजी पालव, अर्थात मास्टर भगवान किंवा भगवान दादा. हिंदी सिनेमाच्या थोर नायकांची यादी निघते तेव्हा दिलीप कुमार, राज कपूर, देव आनंद ही नावे लगेच येतात, भगवान दादांचे नाव क्वचितच येते. असे का?

जन्म अमरावतीचा, वाढ गिरणगावातली…

भगवान दादांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीत झाला. वडील मुंबईच्या कापड गिरणीत कामगार होते. त्या काळी वऱ्हाडातला कापूस मुंबईकडे जात असे. यवतमाळचा कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरपर्यंत आणि तिथून पुढे मुंबईला पोहोचत असे. ज्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस लागत होता, त्याच गिरण्यांच्या आसऱ्याने हा मुलगा दादर-परळ भागात वाढला. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत झाले. पुढे मजुरी केली. व्यायामाचा आणि कुस्तीचा नाद होता, त्याहून मोठा नाद सिनेमाचा. मूकपटांचा काळ संपत आला असताना त्यांना छोट्या भूमिका मिळू लागल्या. नायकाचा चेहरा नव्हता, उंची नव्हती, घराण्याचे नावही नव्हते. होते ते कसलेले शरीर आणि पडेल ते काम करण्याची तयारी.

स्टंटपटांचे जग कसे होते?

१९३८ मध्ये ‘बहादुर किसान’ या चित्रपटाचे सहदिग्दर्शन करून ते कॅमेऱ्यामागे गेले. त्यानंतरची दहा-अकरा वर्षे त्यांनी कमी खर्चातले मारधाडीचे चित्रपट एकामागोमाग एक काढले. दिग्दर्शक तेच, नायकही तेच. ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ (१९४१) हे तमिळ चित्रपटही त्यांनी दिग्दर्शित केले. गिरणगावात शिकलेल्या मराठी माणसाने तमिळ चित्रपट केला, यातच त्या काळच्या सिनेमाचा मोकळेपणा दिसतो.

या चित्रपटांचा प्रेक्षक बाल्कनीत नसे, तो सगळ्यात पुढे, पिटात बसे. गिरणी कामगार, हमाल, जत्रेतल्या तंबू टॉकीजला बैलगाडीने येणारा शेतकरी. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या समीक्षेत या चित्रपटांना फारसे स्थान नव्हते. भगवान दादांचे नाव थोरांच्या यादीत मागे राहण्याचे पहिले कारण इथेच आहे. ज्या प्रेक्षकाने त्यांना नायक केले, तो याद्या लिहिणारा नव्हता.

ललिता पवार यांच्याबाबत काय घडले?

याच काळातली एक घटना भगवान दादांच्या चरित्रातून वगळता येत नाही. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात नायिका ललिता पवार यांना थप्पड मारण्याचा प्रसंग होता. भगवान दादांचा हात जोरात बसला. ललिता पवार यांच्या डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगवायू झाला. सुमारे तीन वर्षे उपचार चालले, पण डाव्या डोळ्यातला दोष कायमचा राहिला.

येवल्यात जन्मलेल्या या अभिनेत्रीची नायिका म्हणून कारकीर्द तिथेच संपली. पुढे त्यांनी खाष्ट सासू आणि करारी आईच्या भूमिकांत स्वतःचे वेगळे साम्राज्य उभे केले. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेतली मंथरा आजही अनेकांना आठवते. पण एका चुकलेल्या हाताने दुसऱ्या कलाकाराच्या आयुष्याची दिशा बदलली, हे खरेच. स्टंटपटांत मार खरा वाटावा म्हणून तो बराचसा खराच असे, आणि सेटवर सुरक्षेची व्यवस्था नावालाच असे.

सी. रामचंद्र यांच्याशी जोडी कशी जमली?

भगवान दादांना माणूस ओळखता येत असे. पुणतांब्यात जन्मलेले आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेले रामचंद्र चितळकर तेव्हा काम शोधत होते. भगवान दादांच्या तमिळ चित्रपटांना त्यांनी संगीत दिले आणि ‘सुखी जीवन’ (१९४२) या हिंदी चित्रपटाचे काम त्यांच्याकडे आले. हेच पुढे सी. रामचंद्र म्हणून देशाला माहीत झाले. गीतकार आनंद बक्षी यांना चित्रपटात पहिली संधी देणारेही भगवान दादाच. तो चित्रपट होता १९५८चा ‘भला आदमी’.

दरम्यान १९४२ मध्ये जागृती पिक्चर्स ही स्वतःची निर्मिती संस्था आणि १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा राहिला. गिरणी कामगाराचा मुलगा वयाच्या चौतिसाव्या वर्षी स्टुडिओचा मालक झाला होता.

‘अलबेला’त वेगळे काय होते?

मारधाड सोडून सामाजिक चित्रपट करून पाहा, असा सल्ला राज कपूर यांनी दिल्याचे सांगितले जाते. त्यातून १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक भगवान दादा, नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचे, गीते राजेंद्र कृष्ण यांची.

नायक प्यारेलाल हा तुटपुंज्या पगाराचा, रंगभूमीवर चमकण्याची स्वप्ने पाहणारा तरुण. घरची गरिबी, बहिणीचे लग्न, वडिलांचे बोलणे, मग घर सोडणे. तो नट होतो, पैसा येतो, पण घरी पाठवलेला पैसा घरी पोहोचत नाही. गोष्ट साधी होती, पण परगावी कमावून घरी मनीऑर्डर करणाऱ्या प्रत्येकाला ती आपली वाटली.

गाण्यांनी मात्र कहर केला. भगवान दादांसाठी आवाज सी. रामचंद्र यांनी स्वतःच, ‘चितळकर’ या नावाने दिला, सोबत लता मंगेशकर. बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट असा पाश्चात्त्य साज. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्यांचा चमू पडद्यावरही दिसतो. त्या वर्षी ‘आवारा’ आणि ‘बाजी’सारखे चित्रपट असताना ‘अलबेला’ त्यांच्या बरोबरीने चालला.

तो नाच इतका का रुजला?

याचे उत्तर नाचाच्या रचनेतच आहे. शास्त्रीय नृत्याला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो, पाश्चात्त्य बॉलरूम नृत्याला जोडीदार आणि मोकळी जागा लागते. भगवान दादांच्या नाचाला यातले काहीच लागत नाही. पाय जवळपास जागेवरच राहतात. हालचाल खांदे, मनगटे आणि मान यांची. गती ठेक्यापेक्षा किंचित संथ, त्यामुळे चुकले तरी कळत नाही. दोन फूट जागा मिळाली की काम भागते.

त्यांचे शरीर स्थूल होते, नाचाचे शिक्षण नव्हते. स्वतःच्या शरीराला जे जमेल तेच त्यांनी केले आणि चेहऱ्यावर पूर्ण आनंद ठेवून केले. म्हणूनच ते कोणालाही जमते. दिलीप कुमार यांच्यासारखा अभिनय करण्याचे धाडस वरातीत कोणी करत नाही, भगवान दादांसारखा नाच मात्र कोणीही करतो. अमिताभ बच्चन यांच्या पडद्यावरच्या नाचावर हीच छाप असल्याचे सर्वश्रुत आहे. ऋषी कपूर, मिथुन चक्रवर्ती, गोविंदा यांच्यापर्यंत तिचा माग काढता येतो.

मग पैसा गेला कुठे?

‘अलबेला’नंतर जुहूला समुद्रासमोर पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या सात वारांसाठी सात गाड्या, असे वैभव होते. ‘झमेला’ (१९५३) मध्ये गीता बाली आणि सी. रामचंद्र हीच मंडळी पुन्हा एकत्र आली, पण ‘अलबेला’ची जादू चालली नाही. ‘लाबेला’ (१९६६) पडला. किशोर कुमार यांना घेऊन सुरू केलेला ‘हंसते रहना’ रखडला आणि पूर्ण झालाच नाही.

इथे त्या काळच्या धंद्याचे गणित समजून घ्यायला हवे. देश वितरणासाठी विभागांत वाटलेला असे. आपला विदर्भ आजही या धंद्यात ‘सीपी-बेरार’ नावानेच ओळखला जातो. निर्माता प्रत्येक विभागाच्या वितरकाकडून आगाऊ रक्कम घेई, उरलेला पैसा सावकाराकडून व्याजाने उचली. चित्रपट अडला की वितरक थांबतो, व्याज मात्र थांबत नाही. पगारी नायकाचा चित्रपट पडला तर त्याचे पुढचे मानधन कमी होते. भगवान दादा नायक, दिग्दर्शक आणि निर्माता तिन्ही होते, त्यामुळे तोटाही तिन्ही बाजूंनी त्यांच्यावरच आला.

बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओ गेला. जुन्या चित्रपटांच्या बहुतेक निगेटिव्ह गोदामाला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. ज्या स्टंटपटांनी त्यांना उभे केले, ते आज पाहायला मिळत नाहीत. यादीत नाव मागे राहण्याचे हे दुसरे कारण. जे पाहताच येत नाही, त्याची थोरवी मोजायची कशी? आणि नाचाच्या शैलीवर कोणाची मालकी नसते. ती देशभर पसरली, तिचा एक पैसाही त्यांच्याकडे आला नाही.

शेवटची वर्षे कशी गेली?

भगवान दादा दादरच्या चाळीत राहायला आले. काम सोडले नाही. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘चोरी चोरी’ (१९५६) मध्ये विनोदी भूमिका केल्या होत्याच. पुढे मिळेल ते केले : कधी हवालदार, कधी नोकर, कधी गाण्याच्या गर्दीत चार पावले टाकणारा म्हातारा. ज्या सिनेमांत त्यांचीच शैली नायक वापरत होते, अशा सिनेमांत ते मागे उभे राहून नाचले. चांगल्या दिवसांतली बरीच माणसे दूर झाली होती.

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ८८ वर्षे होते. २०१६ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला. त्यात मंगेश देसाई यांनी भगवान दादांची, तर विद्या बालन यांनी गीता बालीची भूमिका केली.

थोर नायकांत त्यांची गणना करावी का?

अभिनयाच्या खोलीवर मोजले तर दिलीप कुमार, बलराज साहनी यांच्या रांगेत भगवान दादा बसत नाहीत. यशस्वी चित्रपटांच्या संख्येवर मोजले तरी एका ‘अलबेला’पुढे फारसे काही दाखवता येत नाही. पण नायकाने सामान्य माणसाला काय दिले, हे माप लावले तर हिशेब बदलतो. आधीच्या नायकांकडे लोक पाहत होते, या नायकासारखे लोक वागू शकले. ज्याला नाचता येत नाही त्यालाही नाचण्याची मुभा त्यांनी दिली.

अमरावती यवतमाळपासून नव्वदेक किलोमीटरवर. नेरमार्गे निघालेली वऱ्हाडाची गाडी दोन तासांत तिथे पोहोचते. मांडवापाशी उतरून बँड सुरू झाला की मंडळी जे करतात, ते या शहरात जन्मलेल्या एका माणसाचे देणे आहे, एवढे तरी नाचणाऱ्यांना ठाऊक असायला हरकत नाही.