बाटल्या धुणारा हॅरी

लॅबमध्ये स्टेनलेस स्टीलचा तुकडा एमरी पेपरवर घासून माझे हात भरून आले. प्रत्येक पेपरवर तुकडा काटकोनात फिरवायचा, आधीचे ओरखडे गेले की पुढचा पेपर, शेवटी फिरत्या कापडावर अ‍ॅल्युमिना. तोंड दिसेल इतका चकचकीत झाला, पण नायटल लावलं तर ढिम्म! आतले कण दिसेचनात.

हीच पंचाईत हॅरी ब्रिअर्लीची झाली होती. 1871 मध्ये शेफील्डला जन्मलेला हा पोलाद वितळवणाऱ्या कामगाराचा पोरगा. बाराव्या वर्षी शाळा सुटली, मग कारखान्याच्या लॅबमध्ये बाटल्या धुणं. रात्रीच्या वर्गांत शिकत 1908 मध्ये तो ब्राउन-फर्थ प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. (एटीकेटीवाल्यांनी नोंद घ्यावी!)

1912 मध्ये काम आलं: रायफलच्या नळ्या आतून झिजतात, उपाय शोधा. ऑगस्ट 1913 मध्ये त्याने 12.8 टक्के क्रोमियमचं पोलाद बनवलं. पॉलिश केलेल्या नमुन्यावर अ‍ॅसिड चालेना, व्हिनेगरही नाही. नळी राहिली बाजूला, हॅरीला सुऱ्या दिसू लागल्या! मालकांना त्यात रस नव्हता. सुरीवाले तर त्याला न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोधक म्हणून चिडवत. शेवटी अर्नेस्ट स्टुअर्ट या कटलरीवाल्याच्या मदतीने सुऱ्या जमल्या. मग हक्कावरून मालकांशी भांडण झालं आणि 1915 मध्ये हॅरीने नोकरी सोडली. 1920 मध्ये त्याला बेसेमर पदक मिळालं. 1948 मध्ये तो गेला.

माझा तुकडा ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमध्ये करंट सोडल्यावर वठणीवर आला. सबमिशन झाल्यावर मी तो पुन्हा घासून चकचकीत केला. आता रूममेट त्यात बघून भांग पाडतो.