दक्षिणेचा हक्कदार कोण? लोकहितवादींचा अर्ज

श्रावण लागला, की पेशवाईत पुण्याच्या वाटा दूरदूरच्या ब्राह्मणांनी गजबजून जात. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेला दक्षिणेचा परिपाठ १७३१ नंतर थोरल्या बाजीरावांनी पुण्यास आणला. शास्त्री-पंडितांची परीक्षा होऊन विद्वत्तेच्या मानाने रक्कम ठरे. सामान्य भिक्षुकांना पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात एकत्र करीत आणि बाहेर सोडताना हातावर दक्षिणा ठेवीत. एकाने दोनदा घेऊ नये, हा त्यातला हेतू. पात्रता पारखण्याची रीत अशी होतीच, पण जातीची चाळणी तिच्या आधी लागलेली असे.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही. सालिना ५० हजार रुपयांची मर्यादा घातली आणि त्यातील काही भाग १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेस दिला. पुढे १८३० नंतरच्या दशकात यादीत नवी नावे घेणे थांबले. असलेल्यांना हयातभर मिळावयाचे आणि माणूस वारला, की त्याची रक्कम शिल्लक पडावयाची. या शिलकेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न गोपाळ हरी देशमुख यांनी ऐरणीवर आणला.

गोपाळरावांचा जन्म १८ फेब्रुवारी १८२३ रोजी पुण्यात झाला. वडील हरिपंत हे सेनापती बापू गोखले यांचे फडणीस. म्हणजे जुन्या राज्याच्या अन्नावर वाढलेलेच हे घराणे. इंग्रजी शाळेत शिकून गोपाळराव सरकारी नोकरीत शिरले आणि १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये लोकहितवादी या नावाने शतपत्रे लिहू लागले. अर्थ न समजता केलेली घोकंपट्टी आणि आयते खाण्याची सवय यांवर त्यांनी कोरडे ओढले.

१८४९ मध्ये सुधारकांचा अर्ज सरकारकडे गेला. सुटणाऱ्या रकमेतून मराठी ग्रंथांना बक्षिसे द्यावीत आणि ती कोणत्याही जातीच्या लेखकास मिळावीत, अशी मागणी होती. हयात असलेल्या कोणाच्याही ताटातले काढून घ्यावयाचे नव्हते. तरीही सनातनी मंडळी खवळली, अर्जावर सह्या करणाऱ्यांना बहिष्काराची भीती घालण्यात आली. त्यांच्या रक्षणासाठी जोतिराव फुले धडधाकट माणसे घेऊन उभे राहिले, असे फुल्यांच्या चरित्रात सांगितले जाते. विरोधकांची भीती मात्र केवळ हट्टाची नव्हती. ज्यांना दुसरा उद्योग शिकविलाच नव्हता, त्यांच्या मुलाबाळांचे पुढे काय, याचे उत्तर अर्जात नव्हते.

सरकारने अर्जाचा आशय मानला आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. दार उघडले, पण दारावर परीक्षक बसले. १८५५ मध्ये जोतिरावांनी आपले ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठविले. ते नाकारले गेले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांमुळे हे घडले, असे त्यांनी ‘गुलामगिरी’त नोंदविले आहे.

यानंतर दैवयोग असा, की १८५६ च्या सुमारास गोपाळराव स्वतःच सहायक इनाम कमिशनर झाले. १८५२ च्या अकराव्या कायद्याने या कमिशनला करमाफ जमिनींचे हक्क तपासण्याचा अधिकार मिळाला होता. सनद कोणी दिली, देणाऱ्यास अधिकार होता काय, भोगवटा किती वर्षांचा आणि किती पिढ्यांचा, हे पाहिले जाई. पेशवे दफ्तरातील रुमाल सोडून दावे पडताळीत. सनद हरवली, वाळवीने खाल्ली, तर पुरावा द्यावयाचे ओझे इनामदारावर. या चौकशीने मराठी मुलखात फार असंतोष पसरला. १८६३ च्या कायद्यांनी अखेर ठरावीक आकारणी मान्य करणाऱ्यास चौकशीविना जमीन राखण्याची सवलत मिळाली.

पुढे गोपाळराव अहमदाबादेस गेले, नाशिकला न्यायाधीश झाले, १८७९ मध्ये निवृत्त झाले आणि १८८४ मध्ये काही काळ रतलामचे दिवाण होते. ९ ऑक्टोबर १८९२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. रमण्यातली गर्दी तोवर इतिहासजमा झाली होती, आणि दक्षिणेच्या पैशातून डेक्कन कॉलेजातील दक्षिणा फेलोंना वेतन मिळत होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे अशा सुरुवातीच्या फेलोंपैकी एक.