रुग्णांचे मन वाचणारे पाळक : रेव्ह. अँटन बॉयसन

स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाच्या अंतरंगात काय चालले आहे, हे दुसऱ्याला कळू शकते काय? जर्मन मनोवैद्य व तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९१३ साली असे मत मांडले, की या आजारातील काही भ्रम इतके निराळे असतात की सहानुभूतीनेही तेथे पोहोचता येत नाही. अमेरिकेतील पाळक अँटन बॉयसन यांनी मात्र ही वाट सोडली नाही. ते स्वतः त्या दरीतून गेले होते.

त्यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८७६ रोजी इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथे झाला. सात वर्षांचे असतानाच ते पितृछत्राला मुकले. पुढे वनखात्यातील नोकरी सोडून त्यांनी न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला व मंडळ्यांची सेवा केली.

ऑक्टोबर १९२० मध्ये आपल्या विश्वासाचे निवेदन लिहीत असता त्यांच्या मनाचा तोल गेला. जगावर महासंकट येत आहे आणि त्यात आपल्यावर मोठी कामगिरी आहे, असे त्यांना वाटू लागले. बोस्टन व वेस्टबरो येथील मनोरुग्णालयांत त्यांची सुमारे सव्वा वर्षे गेली. तेथे त्यांना दोन उणिवा दिसल्या. डॉक्टर शरीर तपासत, पण रुग्णाच्या बोलण्याचा अर्थ विचारीत नसत. उपदेश करायला येणाऱ्या पाळकांना तर या आजाराची काहीच माहिती नसे.

बरे झाल्यावर १९२४ साली ते वूस्टर सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन झाले. १९२५ च्या उन्हाळ्यात ईश्वरविज्ञानाचे चार विद्यार्थी त्यांच्याकडे आले. विद्यार्थ्यांनी वॉर्डात रुग्णांची शुश्रूषा करावी आणि पुस्तक वाचावे तशा काळजीने त्यांची जीवने वाचावीत, हा त्यांचा शिरस्ता. आज जगभर पाळकांना रुग्णालयात जे शिक्षण मिळते, त्याचा पाया हा होय.

आता जगाचा अंत होणार, असे रुग्ण म्हणाला तर ते खोटे ठरवण्यासाठी वाद घालून उपयोग नाही. खरे म्हणून मान डोलावणेही योग्य नाही. त्याला हे केव्हापासून वाटू लागले, त्याआधी काय घडले, कोणते भय वा दोषभावना त्याला छळते, हे विचारावे. भ्रम खरा नसला तरी त्यामागचे दुःख खरे असते. गरसेकरांच्या प्रदेशातील त्या पीडिताला प्रभूने त्याचे नावच विचारले होते, हे शब्बाथशाळेच्या शिक्षकांना ठाऊक आहे.

बॉयसन यांचा आजार १९३० व १९३५ साली उलटला. प्रत्येक वेळी ते कामावर परतले. १९३२ पासून ते इलिनॉयमधील एल्जिन रुग्णालयात होते. १९३६ साली त्यांचा मुख्य ग्रंथ निघाला आणि १ ऑक्टोबर १९६५ रोजी एल्जिन येथे त्यांना देवाज्ञा झाली.

त्यांची सर्वच मते आज मान्य नाहीत. समजून घेणे म्हणजे औषध नव्हे. १९५० नंतर निघालेल्या औषधांनी पुष्कळांना आराम पडतो. आपल्या आदिलाबादकडे अशा माणसाला बाहेरचे लागले असे म्हणून घरचे लोक जागोजागी फिरवतात, मग लाजेने लपवतात. मंडळीतील असे घर टाळू नका. डॉक्टरांकडे सोबत जा. सरकारच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. प्रार्थना अवश्य करा, पण आधी त्याच्याजवळ बसून त्याचे म्हणणे ऐका.